अचानक ऐकू येईनासे झाले तर वाट पाहू नका



या सदरात रक्तदाब, साखर आणि गुडघे यांवर पुष्कळ लिहून झाले. कानाविषयी मात्र कोणी फारसे विचारत नाही. मध्यंतरी दिमोनाच्या एका आजोबांनी फोनवर मला सांगितले, "बाई, ऐकू कमी येणे हा म्हातारपणाचा कर आहे. तो भरायचा आणि गप्प बसायचे. त्याला औषध कसले?"

आजोबांचे म्हणणे बरेचसे खरे आहे. साठी-सत्तरीनंतर दोन्ही कानांनी हळूहळू कमी ऐकू येते. बारीक आवाज, पक्ष्यांची किलबिल, नातवंडांचे बोलणे आधी हरवते. हे वर्षानुवर्षे चालते आणि त्यावर गोळी नाही. त्यावर कानाचे यंत्र लावावे, तेही वेळेवर. पण ऐकू कमी येण्याचे आणखी काही प्रकार आहेत. त्यांत औषध आहे, मात्र ते देण्याची वेळ फार थोडी असते, काही वेळा जेमतेम दोन आठवडे. "वय झाले" म्हणून आपण गप्प बसलो तर ती वेळ निघून जाते आणि गेलेले ऐकणे बहुधा परत येत नाही. म्हणून आज त्या प्रकारांविषयी लिहिते. त्यातल्या एकात आपली स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती कानावर उलटते.

मी तीस वर्षे इस्पितळात नर्स होते आणि हा आजार माझ्या घरातही पाहिला आहे. त्यामुळे पुस्तकातले आणि अनुभवाचे दोन्ही सांगते.

कानाच्या आत काय असते

कानाचे तीन भाग समजा. बाहेरचा भाग म्हणजे पाळी आणि पडद्यापर्यंतची नळी. मधल्या भागात पडद्यामागची तीन चिमुकली हाडे असतात. सर्वांत आतला भाग डोक्याच्या कठीण हाडात लपलेला असतो. तो गोगलगायीच्या शंखासारखा अडीच वेढ्यांचा आहे. इथले डॉक्टर त्याला 'शबलूल' म्हणतात, म्हणजे गोगलगायच. या शंखात द्रव भरलेला असतो आणि त्यात केसासारखी टोके असलेल्या सुमारे १५,००० पेशी रांगेने बसलेल्या असतात. आवाजाने द्रव हलला की या पेशी हलतात, त्यातून विजेचा संदेश निघतो आणि मज्जातंतूवाटे तो मेंदूत पोहोचतो.

कापलेली कातडी भरून येते, मोडलेले हाड सांधते. पण माणसाच्या या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कानाच्या बाबतीत घाई करायची ती याचसाठी.

कुंपणच शेत खाते तेव्हा

रोगप्रतिकारशक्ती म्हणजे शरीराची राखणदार. जंतू आले की ती त्यांना ओळखते, पांढऱ्या पेशी धाडते, प्रतिद्रव्ये तयार करते. पूर्वी डॉक्टरांचा समज होता की मेंदूप्रमाणेच कानाच्या आतल्या भागातही हे राखणदार शिरत नाहीत. रक्त आणि आतला कान यांच्यामध्ये एक गाळणीसारखी भिंत आहे, ती सगळे बाहेर ठेवते, असे मानत. भिंत आहे हे खरे, पण राखणदार आतही असतात. आतल्या कानाला जोडलेली एक छोटी पिशवी आहे, तिथे त्यांची चौकीच असते असे म्हणा ना. विषाणू शिरला की तिथून लढाई सुरू होते.

लढाई म्हटली की सूज आली. पोटात किंवा पायात सूज आली तर तिला पसरायला जागा असते. शंखाच्या त्या हाडाच्या कोठडीत जागाच नाही. सूज, पांढऱ्या पेशींनी सोडलेली रसायने, बारीक रक्तवाहिन्यांत अडलेले रक्त, या सगळ्यांनी केसपेशी गुदमरतात. त्यातून कधी राखणदाराचीच चूक होते. कानातल्या आपल्याच पेशींना तो परका समजतो आणि त्यांच्यावर तुटून पडतो. कुंपणच शेत खाते म्हणतात, त्यातला हा प्रकार.

१९७९ साली अमेरिकेतील कानाचे डॉक्टर ब्रायन मॅकेब यांनी अशा १८ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांचे दोन्ही कान काही आठवडे ते महिन्यांत खराब होत गेले होते, आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांनी त्यांना फरक पडला होता. एरवी आतल्या कानाचा बहिरेपणा म्हटला की डॉक्टर हात टेकत. हा मात्र औषधाने सुधारणारा निघाला. त्यानंतर या आजाराचा गंभीरपणे विचार होऊ लागला.

ज्यांना आधीच असा दुसरा आजार आहे, त्यांनी जास्त सावध राहावे. आमवात म्हणजे सांध्यांचा सुजेचा संधिवात, ल्युपस, आतड्यांची कायमची सूज, रक्तवाहिन्यांची सूज, हे सगळे प्रतिकारशक्ती बिघडल्याचेच आजार आहेत. कोगन नावाच्या आजारात डोळे लाल होऊन दुखतात आणि सोबत कानही जातात, चक्करही येते. डोळे आणि कान एकाच महिन्यात बिघडले तर दोन्ही डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा. नाहीतर डोळ्यांचे डॉक्टर कानाचे विचारत नाहीत आणि कानाचे डॉक्टर डोळ्यांचे.

कोणता प्रकार, कसे ओळखावे

पहिला प्रकार म्हातारपणाचा. दोन्ही कान सारखे, वर्षानुवर्षे हळूहळू. यात घाई नाही, पण आळसही नको. कुपात खोलीममध्ये ऐकण्याची तपासणी करून घ्या.

दुसरा, कानात मळ किंवा मध्यकानात पाणी. सर्दीनंतर किंवा आंघोळीनंतर कानाला दडा बसतो. मळ काढला की ऐकू येते.

तिसरा, अचानक बहिरेपणा. बहुधा एकाच कानाला, काही तासांत किंवा तीन दिवसांच्या आत. पुष्कळांना सकाळी उठल्यावर कळते. कान भरल्यासारखा वाटतो, शिट्टी किंवा गुणगुण सुरू होते, काहींना चक्कर येते. दुखत मात्र नाही. दहातल्या नऊ रुग्णांत नक्की कारण सापडत नाही. विषाणू, रक्तपुरवठा आणि प्रतिकारशक्ती या तिघांवर संशय असतो.

चौथा, प्रतिकारशक्तीचा खास आजार. यात ऐकणे काही आठवडे ते महिन्यांत उतरते, मध्येच थोडे सुधारते, पुन्हा उतरते. आधी एक कान, मग दुसरा. सोबत तोल जाणे असू शकते. हा आजार क्वचित होतो आणि जास्त करून मध्यम वयात, त्यातही स्त्रियांमध्ये. म्हणून हा लेख आपल्या मुली-सुनांनाही वाचून दाखवा.

दुसरा आणि तिसरा प्रकार सुरुवातीला अगदी सारखे वाटतात आणि चूक तिथेच होते. घरी करण्यासारखी एक सोपी परीक्षा सांगते. तोंड मिटून 'म्ऽऽ' असा सूर काढा. आवाज कोणत्या कानात मोठा वाटतो ते पाहा. दडा बसलेल्या कानातच मोठा वाटला तर बहुधा मळ किंवा पाणी आहे. चांगल्या कानाकडे वाटला तर बिघाड आतल्या कानात असण्याची शक्यता मोठी, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणखी एक करा. टेलिफोन एकदा या कानाला, एकदा त्या कानाला लावून बघा. पुष्कळ लोक नेहमी एकच कान वापरतात, त्यामुळे दुसरा गेलेला त्यांना कळतच नाही. या परीक्षा डॉक्टरांच्या तपासणीऐवजी करायच्या नाहीत. आज जायचे की उद्या चालेल, एवढेच त्यांच्यावरून ठरते.

अचानक बहिरेपणाबरोबर तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, हात-पाय लुळा पडला किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तेव्हा कुपातची वाट धरू नका, १०१ फिरवा.

माझ्या बहिणीचे

माझी धाकटी बहीण अश्दोदला राहते. तिला आमवात होता. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एका सकाळी तिचा डावा कान भरल्यासारखा झाला. ती दवाखान्यात गेली. तिथे मळ असेल म्हणून थेंब दिले आणि एका आठवड्याने या म्हणाले. कानाच्या डॉक्टरांचा तोर मिळून खरी तपासणी झाली तेव्हा अकरा दिवस गेले होते. स्टेरॉइड दिले, पण डावा कान थोडासाच सुधारला.

दोन महिन्यांनी उजव्या कानातही गुणगुण सुरू झाली आणि तिचा तोल जाऊ लागला. या वेळी दुसऱ्याच दिवशी तपासणी झाली. एक आमवात, दुसरा कान, आणि चढउतार या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्यावर डॉक्टरांनी ओळखले की हे प्रतिकारशक्तीचे काम आहे. स्टेरॉइड सुरू केले आणि दहा दिवसांत उजवा कान जवळजवळ पूर्ववत झाला. डोस कमी केला की ऐकणे पुन्हा उतरे, पुन्हा वाढवावा लागे. असे वर्षभर चालले. तिची साखर तीनशेच्या घरात गेली, चेहरा सुजला, रात्रीची झोप उडाली. आज ती उजव्या कानाला यंत्र लावते आणि डाव्या कानात तिने शस्त्रक्रियेने इम्प्लांट बसवून घेतले आहे. फोनवर माझ्याशी तासभर बोलते. अकरा दिवसांचा कान आणि एका दिवसाचा कान, दोघांतला फरक मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे.

तपासणी आणि औषध

हा आजार आहे किंवा नाही हे खात्रीने सांगणारी एकही रक्ततपासणी आज नाही. डॉक्टर सगळे जुळवून पाहतात. ऐकण्याचा आलेख पुन्हा पुन्हा काढतात. रक्तात सूज, साखर, थायरॉइड, आमवात आणि ल्युपसच्या खुणा, तसेच सिफिलिस बघतात, कारण सिफिलिसही कानाला असेच करतो. एमआरआय काढतात, कारण ऐकण्याच्या मज्जातंतूवर साधी गाठ असेल तरी एका कानाने कमी ऐकू येते. एवढ्या तपासण्या पाहून घाबरू नका. मात्र एमआरआयचा तोर दोन महिन्यांनी असला तरी औषध त्याच्यासाठी थांबवायचे नसते.

औषध म्हणजे मुख्यतः स्टेरॉइड, बहुधा प्रेडनिसोनच्या गोळ्या. त्या राखणदाराला शांत करतात, सूज उतरवतात. शिवाय आतल्या कानातील क्षार-पाण्याचा तोल सावरतात. अचानक बहिरेपणात त्या पहिल्या दोन आठवड्यांत सुरू करणे उत्तम. गुण आला नाही तर दोन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान कानाच्या पडद्यातून सुईने स्टेरॉइड मध्यकानात सोडता येते. कान बधिर करून हे दवाखान्यातच होते. सुईनंतर अर्धा तास कुशीवर पडून राहायचे. औषध कानातच राहत असल्याने साखर फारशी वाढत नाही. म्हणून ज्यांची साखर आधीच हाताबाहेर आहे त्यांनी "गोळ्यांऐवजी सुई चालेल का?" असे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

स्टेरॉइड घेतले म्हणजे कान हमखास परत येतो, असे मी म्हणणार नाही. काहींचे ऐकणे औषधाशिवायही परत येते, काहींचे औषध घेऊनही येत नाही. वय जास्त असेल, चक्कर असेल किंवा बहिरेपणा फार खोल असेल तर गुण कमी येतो. पण कोणाला गुण येणार हे आधी ओळखता येत नाही, आणि थोड्या दिवसांच्या गोळ्यांचा धोका सांभाळता येतो. म्हणून डॉक्टर त्या देतात.

प्रतिकारशक्तीच्या आजारात गोळ्या जास्त काळ लागतात. अमेरिकेत या आजाराच्या ११६ रुग्णांना आधी प्रेडनिसोन दिले होते, त्यातल्या ६७ जणांना फायदा झाला. मग सुधारलेले ऐकणे टिकवण्यासाठी त्यांच्यातल्या काहींना मेथोट्रेक्सेट आणि काहींना नुसती दिखाऊ गोळी दिली. २००३ साली निकाल आला, दोघांत फरक पडला नाही. मेथोट्रेक्सेट सांध्यांना उपयोगी आहे, पण त्याच्या जोरावर कान टिकेल अशी आशा धरू नये. प्रतिकारशक्तीचे एखादेच रसायन रोखणारी नवी इंजेक्शने काही रुग्णांत वापरून पाहिली जात आहेत. ती अजून नेहमीच्या उपचारात आलेली नाहीत.

औषधे थकली तरी रस्ता बंद होत नाही. या आजारात केसपेशी मेल्या तरी मज्जातंतू बहुतेक वेळा शाबूत असतो. म्हणून शंखात तार बसवून थेट मज्जातंतूला संदेश देणारे इम्प्लांट या रुग्णांना चांगले लागू पडते. सत्तरी-ऐंशीच्या लोकांनाही ते बसवतात. मात्र सुजेनंतर कधी कधी शंखाच्या आत हाड तयार होते आणि तार घालणे कठीण जाते. म्हणून यंत्राने भागत नसेल तर इम्प्लांटचा विचार वर्षानुवर्षे पुढे ढकलू नये.

आपल्या मंडळींसाठी खास सूचना

स्टेरॉइड सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना एक गोष्ट सांगा, "माझा जन्म भारतात झाला, मी तिथे वाढलो." हे इथल्या तरुण डॉक्टरांच्या लक्षात येईलच असे नाही. आपल्यापैकी पुष्कळ जण लहानपणी कोकणात अनवाणी हिंडले आहेत. तिकडच्या ओल्या मातीतला स्ट्रॉन्जिलॉइडिस नावाचा बारीक जंत कातडीतून शिरतो आणि पन्नास वर्षेही आतड्यात गुपचूप राहू शकतो. एरवी प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते. स्टेरॉइडने ती दबली की हा जंत अंगभर पसरून जिवावर बेतू शकतो. क्षयाचे जंतूही असेच झोपलेले असतात, आणि हेपॅटायटिस बीचा विषाणूही जागा होऊ शकतो. त्यासाठी रक्ताची आणि क्षयाची तपासणी करतात, जंतावर तर दोन-चार गोळ्यांचे औषध आहे. कानाचे औषध आजच सुरू करायचे असले तरी ही माहिती आजच द्या. बाकी तपासण्या डॉक्टर पाहतील.

मधुमेह असेल तर गोळ्या चालू असताना साखर रोज तपासा, दुपारी आणि संध्याकाळीही. सकाळच्या उपाशीपोटीच्या आकड्यावर विसंबू नका, कारण सकाळी घेतलेल्या स्टेरॉइडने साखर दुपारनंतर चढते. रक्तदाबासाठी लोणची-पापड थोडे दिवस बाजूला ठेवा. गोळी सकाळी, पोटात काही घालून घ्या, म्हणजे रात्री झोप लागेल. काचबिंदू, ठिसूळ हाडे किंवा पोटातला अल्सर असेल तर आधी सांगा. काही आठवडे घेतलेली गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका. शरीर स्वतःचे स्टेरॉइड बनवायचे थांबलेले असते, त्यामुळे डोस हळूहळूच उतरवावा लागतो. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्याही घेऊ नका. म्हातारपणाच्या बहिरेपणाला स्टेरॉइडचा काही उपयोग नाही, त्रास मात्र सगळे होतात.

दवाखान्यात काय बोलावे

आपल्यातल्या काहींचे हिब्रू अजूनही बाजारापुरतेच आहे, आणि काउंटरवर घाईघाईत "कान दुखतो" असे सांगितले जाते. मग तोर तीन आठवड्यांनी मिळतो. म्हणून हे वाक्य कागदावर लिहून पाकिटात ठेवा. पुरुषांनी म्हणावे, "पितओम अनी लो शोमेआ बे-ओझेन अखात." स्त्रियांनी म्हणावे, "पितओम अनी लो शोमाआत बे-ओझेन अखात." म्हणजे एका कानाने मला अचानक ऐकू येत नाही. यातला 'पितओम', म्हणजे अचानक, हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. त्यापुढे 'दाखूफ' म्हणा, म्हणजे तातडीचे आहे.

कुटुंबाच्या डॉक्टरांना कानात बघायला सांगा. मळ नसेल, किंवा काढूनही ऐकू येत नसेल, तर त्याच दिवसाची हफनाया मागा आणि ज्या इस्पितळात कान-नाक-घशाचे डॉक्टर आहेत तिथल्या मियूनमध्ये जा. शबाथच्या आदल्या दुपारी कान बसला तर "रविवारी बघू" म्हणू नका, मोकेदला फोन करा. सोबत आपल्या औषधांची यादी न्या आणि ऐकू येणारे कोणी तरी न्या, कारण डॉक्टर काय बोलले हे एका कानाने नीट समजत नाही.

शेवटी दिमोनाच्या आजोबांना माझे उत्तर. आजोबा, तुमचा बहिरेपणा हळूहळू आलेला आहे, तुम्हाला गोळ्यांची गरज नाही. पण यंत्र लावा. न ऐकणारा माणूस घोळक्यात बसूनही एकटा पडतो, आणि मध्यम वयापासून दुर्लक्षिलेला बहिरेपणा विसरभोळेपणाचा धोका वाढवतो असे डॉक्टर सांगतात. आणि उद्या सकाळी उठल्यावर एक कान एकदम बंद वाटला, तर तो म्हातारपणाचा कर समजू नका. त्या दिवशी चहा नंतर घ्या, आधी डॉक्टर गाठा.